विमान अपघाताचा तपास : ‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके कुणापासून?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जीव गेले. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रित करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले, अशी त्यात नोंद होती. कॉकपिटमधल्या संभाषणाचा त्रोटक उल्लेखही होता : इंधन का तोडले, असे एका वैमानिकाने विचारले आणि आपण तोडले नाही, असे दुसऱ्याने सांगितले. कोण कुणाला म्हणाले हे अहवालात नव्हते, आणि स्विच कशामुळे हलले हेही नव्हते. तरी दोन-चार दिवसांतच दोषी कोण याची चर्चा सुरू झाली. स्वतःची बाजू मांडायला हयात नसलेल्या माणसांबद्दल ती होती, हे विसरता येत नाही.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मागणी होती न्यायालयाच्या देखरेखीखाली स्वतंत्र चौकशीची. खरे तर तपास स्वतंत्र असावा म्हणूनच २०१२ मध्ये विमान अपघात तपासाचा वेगळा ब्युरो स्थापन झाला होता. तो असताना न्यायाधीश का हवेसे वाटले, हे समजायला त्याआधीची व्यवस्था पाहावी लागते.

१९३४ च्या विमान कायद्याने अपघात चौकशीचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि १९३७ च्या नियमांत त्याचे तपशील आले. चौकशीच्या तीन पातळ्या होत्या. निरीक्षकाने करायचा तपास, समितीची चौकशी आणि सर्वांत वरची औपचारिक चौकशी, जिला सगळे ‘न्यायालयीन चौकशी’ म्हणत. हे नेहमीचे न्यायालय नव्हे. केंद्र सरकार एका सक्षम व्यक्तीला, बहुधा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला नेमायचे आणि मदतीला विमानशास्त्र जाणणारे सल्लागार द्यायचे. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार या चौकशीला असत आणि कामकाज उघडपणे चाले. किरकोळ प्रकरणे निरीक्षकाकडे, मोठी न्यायाधीशाकडे, अशी ढोबळ वाटणी होती. निरीक्षक कुठले? विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या महासंचालनालयाचेच.

या जुन्या पद्धतीला आज सरसकट नावे ठेवली जातात, ते मला पटत नाही. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले जम्बो वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडले आणि २१३ जण गेले. घातपाताच्या अफवा होत्या, पण विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणातल्या बिघाडापर्यंत माग लागला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरी येथील हवेतल्या टकरीत ३४९ जण मेले. त्या चौकशीनंतर टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली आणि दिल्लीत येण्या-जाण्याचे हवाई मार्ग वेगळे झाले.

माझ्या मते सगळ्यात बोलके उदाहरण औरंगाबादचे आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी मुंबईकडे निघालेले विमान धावपट्टीच्या टोकाला जमीन सोडत होते. कुंपणापलीकडे बीड रस्ता होता. त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता आणि विमानाचे चाक त्याला धडकले. विमानातल्या ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीने वैमानिकांवर ठपका ठेवला, कारण त्यांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले होते. पण ती तिथेच थांबली नाही. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हा विमानतळ चालवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा दोषही तिने नोंदवला. सरकारी यंत्रणेचे चुकले, असे लिहायला तिथे बाहेरचा माणूस होता.

उणिवाही होत्याच. चौकशीत वकील येत, उलटतपासणी होई आणि वैमानिक, कंपनी, विमान बनवणारे असे सगळेच आधी बचावाची तयारी करत. काय बिघडले यापेक्षा कुणाच्या माथी येणार, याची काळजी मोठी. शिवाय प्रत्येक वेळी नवी समिती, नवी जुळवाजुळव. अहवाल आला की सगळे पांगत आणि शिफारशींचे पुढे काय झाले हे विचारायला कुणी उरत नसे. ‘चौकशी’ हा शब्दच आपल्याकडे खात्याअंतर्गत कारवाईची आठवण करून देतो, तेव्हा माणसे मोकळेपणाने बोलणार कशी?

परदेशात ही गाठ आधी सुटली. ब्रिटनमध्ये १९१५ पासून अपघात तपासासाठी वेगळा निरीक्षक होता. नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारानुसार तपासाची जबाबदारी ज्या देशात अपघात झाला त्याच्यावर आली. १९५१ मध्ये स्वीकारलेले या कराराचे तेरावे परिशिष्ट आजही पायाभूत आहे. पुढचा अपघात टाळणे हाच तपासाचा एकमेव हेतू, दोष किंवा दायित्व ठरवणे नव्हे, हे त्याचे मुख्य सूत्र. अमेरिकेने १९६७ मध्ये वेगळे मंडळ नेमले, पण ते वाहतूक खात्याच्या छताखाली ठेवले. त्याच खात्याच्या कामावर बोट ठेवायची वेळ येते तेव्हा ही रचना चालत नाही, हे लक्षात आल्यावर १९७४ च्या कायद्याने ते खात्याबाहेर काढले.

आपल्याकडे निमित्त झाले मंगळूर. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत गेले. १५८ मृत्यू, आठ जण वाचले. चौकशी एका निवृत्त एअर मार्शलकडे होती. उतरण्याचा बेत सोडून विमान पुन्हा वर न्यायला हवे होते, ते कॅप्टनने केले नाही, हे मुख्य कारण ठरले. पण घसरणाऱ्या विमानाचा पंख धावपट्टीपलीकडच्या अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळला होता, हेही अहवालात होते. तशा जागी धक्क्याने सहज मोडणारे बांधकाम असावे लागते. मग ते बांधकाम तिथे कसे राहिले? विमानतळाला परवाना देणारे महासंचालनालयच तपास करत असेल, तर हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारायचा.

जुलै २०१२ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात ब्युरो अस्तित्वात आला. मोठ्या विमानांचे अपघात आणि गंभीर घटना त्याच्याकडे, किरकोळ घटना महासंचालनालयाकडे.

ज्यावरून आज वाद आहे, तो निर्णय इथेच झाला. ब्युरो नियामकापासून तोडला, पण नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे संलग्न कार्यालय म्हणून ठेवला. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘स्वतंत्र’ म्हणतात ते महासंचालनालयापासून स्वतंत्र या अर्थाने. सामान्य वाचक त्या शब्दातून सरकारपासून स्वतंत्र असा अर्थ घेतो. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ब्युरो ज्या मंत्रालयाखाली आहे, त्याच मंत्रालयाखाली नियामक आहे, विमानतळ प्राधिकरण आहे आणि त्या प्राधिकरणाचे हवाई वाहतूक नियंत्रकही आहेत. २०२२ च्या जानेवारीपर्यंत तर एक मोठी विमान कंपनीही सरकारचीच होती. मंगळूरचे विमान तिच्या उपकंपनीचे आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला अशाच टेकडीवरच्या धावपट्टीवरून घसरलेले, २१ जणांचा जीव घेणारे विमानही त्याच उपकंपनीचे. म्हणजे कोळिकोडला विमान, विमानतळ, नियामक आणि तपासणारे, चौघांचा मालक एकच होता. त्यात ब्युरोचे बरेच तपासी अधिकारी महासंचालनालयातून प्रतिनियुक्तीवर आलेले. परत त्याच खात्यात जायचे असलेल्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही, पण त्याला अशा पेचात टाकणारी रचना चुकीची आहे.

बाजू दुसरीही आहे. जगात बऱ्याच देशांचे तपास विभाग वाहतूक खात्याशी जोडलेले आहेत आणि तरीही निर्भीड अहवाल देतात. ब्रिटनचा तसाच आहे. तिथे दशकांच्या प्रथेने तपासाची प्रतिष्ठा जपली आहे, आपल्याकडे ती प्रथा अजून घडायची आहे. तेराव्या परिशिष्टातही २०१६ पासून हे कलम कडक झाले : तपास यंत्रणा विमान वाहतूक अधिकाऱ्यांपासून आणि तपासात ढवळाढवळ करू शकणाऱ्या इतर घटकांपासूनही स्वतंत्र हवी. ‘इतर घटक’ यात मंत्रालय येते की नाही, इथे वाद पुन्हा अडतो.

२०२० च्या कायदा दुरुस्तीने ब्युरोला वैधानिक दर्जा मिळाला. महासंचालनालय आणि विमान सुरक्षेची यंत्रणा यांनाही तो त्याच वेळी मिळाला. पण ब्युरोचा प्रमुख केंद्र सरकारच नेमणार आणि पर्यवेक्षणाचा अधिकारही सरकारकडेच राहणार. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, तरी रचना तीच आहे.

क्षमता मात्र वाढली, हे सांगायलाच हवे. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत ब्लॅक बॉक्स वाचणारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि अहमदाबादच्या विमानाची माहिती तिथेच उतरवण्यात आली. दुसरीकडे अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चस्तरीय समिती नेमली गेली. तिचे काम पुढच्या कार्यपद्धती ठरवण्याचे, तपासाला पर्याय होण्याचे नव्हे, असे सरकारने स्पष्ट केले, पण अपघाताची चौकशी नेमके कोण करते आहे, हा गोंधळ लोकांच्या मनात राहिला.

न्यायाधीश मागणाऱ्यांची मागणी कायद्याबाहेरची नाही. सरकारला वाटल्यास औपचारिक चौकशी नेमता येते, ही तरतूद २०१२ च्या नियमांतही ठेवली होती. अर्थात, ती नेमण्याचा अधिकार तेव्हाही केंद्र सरकारलाच दिला होता.