ऑइल चेंज 5,000 ला की 10,000 ला, हा घोळ आला कुठून

बडोद्यात गाडीच्या ऑइलवरून विषय निघाला की दोन पार्ट्या ठरलेल्या. ज्यांच्या घरी फियाट नाहीतर अ‍ॅम्बॅसेडर होती ते दर 5,000 किमीला ऑइल बदलणारे, आणि ज्यांची पहिली गाडीच 2010 नंतरची ते 10,000 किमीवाले. आपापल्या काळापुरतं दोघांचंही बरोबर आहे, पण मधल्या वर्षांत काय बदललं ते कुणी सांगत नाही.

अमेरिकेत जुनी सवय 3,000 मैलांची होती, म्हणजे 4,828 किमी, आपल्या 5,000 च्या अगदी शेजारी. तिकडे नंतर कॅलिफोर्नियात सरकारी पातळीवर मोहीम चालवून लोकांना सांगावं लागलं की बाबांनो, आता एवढ्या लवकर तेल फेकू नका. पण त्या काळी लवकर बदलायला कारण होतं. कार्बोरेटरची गाडी, थंडीत सकाळी चोक ओढून स्टार्ट करायची, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरून ओघळत खाली चेंबरमध्ये जायचं आणि तेल पातळ व्हायचं. पेट्रोलात शिसं असायचं, ते देशभर बंद झालं 1 फेब्रुवारी 2000 ला. आणि गंधक. त्याचं जळून अ‍ॅसिड होतं, ते मारायला तेलात अल्कली घातलेली असते, ती संपली की तेल संपलं, मग दिसायला कसंही असो.

खरा बदल इथेच झाला. 2000 च्या आसपास कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या आल्या, चोक गेला. पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा बीएस-2 ला (बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारचे प्रदूषणाचे नियम) 500 पीपीएम, म्हणजे दहा लाखात 500 भाग, होती, बीएस-3 ला 150, बीएस-4 ला 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ला फक्त 10. (यात आपली एक जुनी तक्रार आहेच, रिफायनरी बडोद्याशेजारी कोयलीला, वास आपल्याला, पण 2010 ला बीएस-4 ज्या तेरा शहरांत आधी आलं त्यात अहमदाबाद आणि सुरत, बडोदा नाही.) तेलही सुधारलं, पातळ होत गेलं (डब्यावरचे हे आकडे तेलाच्या जाडपणाचे), 20डब्ल्यू-40 जाऊन 5डब्ल्यू-30 आलं आणि आता काही छोट्या गाड्यांत 0डब्ल्यू-16 पडतं, पाण्यासारखं. त्यामुळे 10,000 किमी किंवा एक वर्ष, काही युरोपियन गाड्यांना 15,000, हा आकडा कंपनीने हवेतून काढलेला नाही.

मग भांडण कशाचं? एका शब्दाचं. सिव्हिअर.

गाडीच्या पुस्तकात बहुतेक वेळा दोन तक्ते असतात. पहिला नॉर्मल वापराचा, तो सगळ्यांना पाठ. दुसरा मागे कुठेतरी, सिव्हिअर कंडिशनचा, त्यात ऑइलचं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. सिव्हिअर म्हटलं की आपल्याला वाटतं लडाख, कच्छचं रण, ट्रॉली ओढणं. पण यादी नीट वाचा, त्यात काय असतं तर छोट्या छोट्या फेऱ्या, धूळ, गाडी उभी ठेवून इंजिन चालू, कडक ऊन, सतत थांबत-निघत ट्रॅफिक. म्हणजे दांडिया बाजारातून रावपुरा, तिथून स्टेशन, मे महिन्यात, एसी लावून. हे आपलं रोजचंच झालं की! पाच किमीच्या फेरीत टेम्परेचरचा काटा मधे येतो पण तो पाण्याचा, तेल त्याच्या बरंच मागे असतं, आणि तेल नीट तापलं नाही तर त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, साठत राहतं.

ट्रॅक्टरवाल्यांचं म्हणून मला पटतं. बडोद्याजवळ पादऱ्याकडे शेतकऱ्याला विचारा, तो किमी सांगणारच नाही, तास सांगेल, साधारण 250 तासाला ऑइल. आता हाच हिशोब गाडीला लावा. गावात सरासरी 20 चा स्पीड धरला तर 10,000 किमी म्हणजे 500 तास. एक्सप्रेसवेने अहमदाबादला 80 ने जाणाऱ्याचे तेच 10,000 किमी 125 तासात होतात, तेही तापलेल्या तेलावर. मीटर दोघांचं सारखंच दाखवतो. सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा मला आजवर एकदाही कुणी विचारलं नाही की तुम्ही गाडी चालवता कुठे. मेंटेनन्स कमी आहे हे विकायला बरं असतं म्हणून कंपनीच्या सर्व्हिसला पहिला तक्ता, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला डबा विकायचा असतो म्हणून तो 5,000 चं स्टिकर चिकटवतो, स्वार्थ दोघांचा आहे पण शहरापुरता गॅरेजवाला जास्त बरोबर निघतो असं माझं मत.

रंगावरून ठरवायची पद्धत मात्र दोन्ही बाजूंनी फसवते. डिझेलचं तेल काजळीने थोड्याच दिवसात काळं होतं, "काळुं थई गयुं" म्हणून बदलायला लागलात तर महिन्याला बदलाल. उलट सीएनजीत काजळी जवळजवळ नाही, तेल सोनेरीच राहतं, पण उष्णतेने आतून म्हातारं होत असतं. बीएस-6 डिझेलमध्ये आणखी एक नवीन भानगड, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर साफ करायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, गावातल्या गावात फिरलात तर त्यातलं थोडं तेलात उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल चक्क वाढलेली दिसते. लोक खूश होतात, ऑइल खात नाही म्हणून.

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी बेसमेंटमध्ये शिरलं तेव्हा तर किमीचा प्रश्नच नव्हता, तेल चहासारखं दुधी झालं की स्टार्टरला हातच लावायचा नाही.

आता नव्या गाड्यांत स्क्रीनवरच सर्व्हिसला किती किमी राहिले ते येतं आणि लोकांना वाटतं गाडी तेल तपासून सांगते. काही महागड्या गाड्या तापमान, स्टार्ट, लोड बघून हिशोब करतात हे खरं, पण आपल्या बजेटमधल्या बहुतेक गाड्यांत तो नुसता उलटा मोजणारा काउंटर असतो, सर्व्हिसवाला रीसेट करताना जो आकडा टाकेल तिथून खाली येतो. माझ्यात 10,000 टाकलाय.