डोडोचे झाड: बीजप्रसाराच्या अभ्यासातील एका वादाची पार्श्वभूमी

शेंग, बोंड, आठळीचे फळ, पंखांचे फळ हे प्रकार शाळेत शिकवले जातात. वारा, पाणी, प्राणी आणि फळाचे तडकणे हे बीजप्रसाराचे मार्गही तिथेच भेटतात. फळाची रचना आणि बीचा प्रवास यांचा संबंध अभ्यासकांनी कसा लावला, तो लावताना कुठे घाई झाली, हे मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. त्या घाईचे सर्वांत ठळक उदाहरण मॉरिशसमधले आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १७८८ पासून एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हजाराहून अधिक जातींची फळे व बिया कापून त्यांची वर्णने आणि चित्रे प्रसिद्ध केली. तेव्हा प्रश्न वर्गीकरणाचा होता. बी दूरवर जाते कशी, याचे प्रयोग १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये झाले. खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवसांनंतरही रुजल्या. पण बी जिवंत राहणे वेगळे आणि तरंगत राहणे वेगळे. पिकलेले ताजे हेझलनट पाण्यात टाकताच बुडाले. तेच वाळवून टाकल्यावर ९० दिवस तरंगले आणि नंतर लावल्यावर उगवलेही. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटावर उद्रेक होऊन तिथला झाडोरा पार नाहीसा झाला, तेव्हा निसर्गानेच मोठा प्रयोग मांडून दिला. वाऱ्याने येणारे नेचे आणि गवत, लाटांबरोबर येणाऱ्या किनाऱ्यावरच्या वनस्पती आधी आल्या. पक्षी आणि वटवाघळे ज्यांच्या बिया आणतात ती झाडे बहुतांशी त्यांच्या मागून.

आता मूळ वाद. मॉरिशसच्या जंगलात तांबालाकोक नावाचा उंच वृक्ष आहे. त्याच्या फळात गराच्या आत अतिशय टणक आठळी असते, तिचे कवच काही ठिकाणी १५ मिलिमीटरपर्यंत जाड. १९७७ मध्ये एका अमेरिकी पक्षी-अभ्यासकाने एका अग्रगण्य विज्ञान नियतकालिकात असा सिद्धांत मांडला की हे झाड डोडो या बेटावरच्या, उडता न येणाऱ्या मोठ्या पक्ष्यावर पूर्णपणे अवलंबून होते. डोडोच्या पेषणीत, म्हणजे अन्न भरडणाऱ्या जठराच्या भागात, कवच घासून पातळ व्हायचे, मगच बी रुजायची. सतराव्या शतकात डोडो संपला आणि रुजणेही थांबले. आधार दोन होते. एक, १९७३ मध्ये फक्त १३ जुनी झाडे उरली होती आणि सगळ्यांचे वय तीनशे वर्षांहून अधिक असल्याचा अंदाज होता. दोन, टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्यावरचा प्रयोग. १७ आठळ्या टर्कींना जबरदस्तीने भरवल्या. त्यातल्या ७ पेषणीत चिरडल्या गेल्या, १० बाहेर आल्या आणि लावल्यावर ३ रुजल्या. तीनशे वर्षांत रुजलेल्या बहुधा याच पहिल्या बिया, असे त्या लेखात म्हटले होते.

गोष्ट विलक्षण होती आणि ती जगभर पसरली. पक्षी नामशेष झाला, त्याच्या मागोमाग झाडही चालले, हे सहअस्तित्वाचे उदाहरण म्हणून पुस्तकांत छापले गेले.

मॉरिशसच्या वनखात्यातल्या एका अधिकाऱ्याने १९७९ मध्ये त्याच नियतकालिकात उत्तर दिले. त्याचे म्हणणे जितके वाचले जायला हवे होते तितके वाचले गेले नाही, याची आजही खंत वाटते. उंच भागातल्या जंगलाच्या १९४१ च्या पाहणीत ७५ ते १०० वर्षांहून कमी वयाची झाडे बऱ्याच संख्येने आढळली होती. म्हणजे डोडो गेल्यावर दीडशे-दोनशे वर्षांनीही बिया रुजत होत्या. शिवाय ही आठळी कशी उघडते याचे सविस्तर वर्णन १९४१ मध्येच एका वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात आले होते: कवचाला एक ठरलेली कमकुवत रेष असते, आतली बी फुगली की त्या रेषेवर कवच तडकते आणि डबीचे झाकण निघावे तसा एक तुकडा सुटून कोंब बाहेर येतो. घासून पातळ करण्याची अट त्यात नाही. टर्कीच्या प्रयोगाची मोठी उणीव तर साधी होती. पेषणीतून न गेलेल्या आठळ्या शेजारी लावून तुलना केलेलीच नव्हती. तीन रुजल्या, त्या टर्कीमुळे की टर्कीच्या पोटात जाऊनही, हे त्यावरून ठरत नाही. वयाचे अंदाजही कच्चे होते, कारण या झाडाला मोजता येतील अशी वार्षिक वलये नसतात.

१९९१ च्या एका फेरतपासणीत प्राण्यांची भूमिका पुन्हा मांडली गेली, पण वेगळ्या तऱ्हेने: गर खाल्ला गेला की आठळीला बुरशी लागण्याचा धोका घटतो. हे काम डोडोच करेल असे नाही. मोठी कासवे, मोठ्या चोचीचे पोपट, फळे खाणारी वटवाघळे असे दावेदार बेटावर होते, आणि त्यातले बरेचसे डोडोसारखेच संपले. २००६ मधल्या अभ्यासाने लक्ष आजच्या शत्रूंकडे वळवले. बाहेरून आणलेली माकडे कच्ची फळे तोडून टाकतात, आणि परकी झुडपे काढून टाकलेल्या रानात तांबालाकोकला फळे कितीतरी जास्त धरतात. माझ्या मते झाडाच्या दुरवस्थेचे उत्तर याच दिशेने आहे. एका नाट्यमय जोडीवर सगळे लक्ष खिळल्याने ते उशिरा शोधले गेले.

तरीही १९७७ च्या लेखाने विचारलेला प्रश्न बाद झाला नाही. १९८२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या फळांबद्दल असाच तर्क मांडला गेला. काही झाडांची मोठी फळे तळाशी पडून कुजतात, कारण ती खाणारे हत्तीसदृश मोठे प्राणी सुमारे १०,००० वर्षांपूर्वी संपले. या वेळी एका पक्ष्याचे एका झाडाशी नाते जोडले नव्हते. प्राण्यांचा अख्खा गट आणि फळांचा अख्खा गट यांच्याबद्दलचे ते विधान होते, म्हणून ते जास्त टिकले. युरोपीयांनी आणलेले घोडे त्यातली काही फळे आवडीने खातात आणि बिया पसरवतात, हेही तिथे दिसले.

संपलेल्या प्राण्याचे काम दुसऱ्या प्राण्याकडून करून घेता येईल, हा विचार मॉरिशसच्या किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर २००० पासून प्रत्यक्षात आणला गेला. स्थानिक महाकासवे एकोणिसाव्या शतकातच संपली होती, म्हणून हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा बेटाहून महाकासवे आणून सोडली. तिथल्या आबनुसाच्या जातीची फळे जड, खाली पडली की झाडाखालीच राहणारी. जळणासाठी तोड झालेल्या भागात ती परत उगवत नव्हती. कासवांनी फळे खाल्ली, बिया तोड झालेल्या भागापर्यंत नेल्या, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कासवाच्या आतड्यातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजल्या. या वेळी न खाल्लेल्या बियांशी तुलना केलेली होती. २००७ मध्ये मॉरिशसच्या उत्तरेकडच्या आणखी एका बेटावरही अशीच परकी महाकासवे सोडण्यात आली.