हॉथॉर्न: फळाकडून पानाफुलाकडे

हृदयासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वनौषधींत हॉथॉर्नचं नाव हमखास असतं. गुलाबाच्या कुळातलं हे काटेरी झुडूप, क्रॅटेगस हे त्याचं शास्त्रीय नाव. हृदयाशी त्याचं नातं मात्र वाटतं तितकं पुरातन नाही. चीनमध्ये शानझा या नावानं त्याचं लाल, आंबट फळ वापरात आलं ते पोटासाठी. जुन्या चिनी वैद्यकात ते फारसं दिसत नाही; चौदाव्या शतकातले वैद्य झू झेनहेंग यांच्यापासून त्याचा बोलबाला झाला, असं सोळाव्या शतकात ली शिझेन यांनी नोंदवलं आहे. मांसाहार जड झाला की करपेपर्यंत भाजलेलं शानझा तिथे आजही देतात.

युरोपात हृदयाची गोष्ट सुरू झाली ती एका गुपितातून. आयर्लंडमधल्या एनिस गावचे डॉ. ग्रीन हृदयविकारावरच्या औषधासाठी नावाजलेले होते, पण त्यात काय आहे ते कुणाला सांगत नसत. 1894 साली ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं ते उघड केलं: हॉथॉर्नच्या पिकलेल्या फळांचा मद्यार्कातला अर्क. 1896 मध्ये जेनिंग्ज या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं आणि औषधाचा प्रसार झाला.

त्यात काम करतं काय, हे शोधायला रसायनशास्त्र पुढे आलं. हायपरोसाइड, व्हिटेक्झिनचं ऱ्हॅम्नोसाइड अशी फ्लेव्होनॉइडं, म्हणजे वनस्पतींत आढळणारी एका कुळातली संयुगं, सापडली. ऑलिगोमेरिक प्रोसायनिडिनं, म्हणजे एपिकॅटेचिनचे रेणू एकमेकांना जोडून झालेल्या साखळ्या, मिळाल्या. शिवाय उर्सोलिक, ओलिॲनोलिक ही ट्रायटर्पीन आम्लं. प्रयोगशाळेत या अर्कांनी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि त्या सैलावतात, हृदयाच्या स्नायूचं आकुंचनही वाढतं, असं दिसलं. फुलांत ट्रायमिथिलअमाइनही असतं. मासळी शिळी झाल्यावर येणारा वास याच रेणूचा. हा मोहोर घरात आणला की मृत्यू येतो ही इंग्लंडमधली जुनी समजूत या वासातूनच आली असावी, असं मानतात.

या शोधानं औषधाचा भागच बदलला. फ्लेव्होनॉइडं पानाफुलांत फळापेक्षा जास्त, म्हणून प्रमाणित अर्क, म्हणजे ठरावीक घटकांचं प्रमाण पक्कं केलेले अर्क, पानाफुलांचे निघाले. डब्ल्यूएस 1442 हा त्यातला सर्वांत अभ्यासलेला. त्यात सुमारे 18.75 टक्के ऑलिगोमेरिक प्रोसायनिडिनं असतात. 1994 साली जर्मनीच्या कमिशन ई नं, म्हणजे वनौषधी तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञ समितीनं, सौम्य हृदय-अकार्यक्षमतेसाठी (हृदय रक्त पुरेसं पंप करू न शकणं) फुलासकट पानाला मान्यता दिली. नुसत्या फळाला दिली नाही. डॉ. ग्रीन यांचं औषध फळाचं होतं, हे इथे विसरता कामा नये. नुसतं ‘हॉथॉर्न’ लिहिलेली बाटली म्हणूनच मला अपुरी वाटते. कोणता भाग, कोणता अर्क, किती प्रमाणित, हे त्यावर असायलाच हवं.

2008 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून अर्क घेणाऱ्या हृदय-अकार्यक्षमतेच्या रुग्णांची व्यायामक्षमता सुधारलेली आणि धाप, थकवा कमी झालेला दिसला. स्पाइस ही चाचणी याहून कितीतरी मोठी: 2,681 रुग्ण, रोज 900 मिलिग्रॅम डब्ल्यूएस 1442, दोन वर्षं. अर्क सुरक्षित ठरला, पण हृदयविकारामुळे होणारे मृत्यू, झटके आणि रुग्णालयात दाखल होणं, या एकत्रित निकषावर लक्षणीय फरक पडला नाही. युरोपीय औषध संस्थेनं 2016 मध्ये पानाफुलांना पारंपरिक वापरापुरतं स्थान दिलं: सौम्य चिंतेतून होणारी धडधड, ताण आणि झोपेची तक्रार. धडधडीसाठी घ्यायचं तर गंभीर आजार नाही, याची डॉक्टरांनी आधी खात्री करायची, ही अट आहेच.