अडून बसणारा इलेक्ट्रॉन: अव्यवस्था आणि क्वांटम केऑस यांची पार्श्वभूमी

तांब्याच्या तारेला रोध का असतो? आपल्याला शाळेत मिळणारं उत्तर पाउल ड्रूड यांचं, १९०० सालचं. इलेक्ट्रॉन धावतात, अणूंवर आपटतात, दिशा बदलतात, पुन्हा धावतात. १९२८ साली फेलिक्स ब्लॉख यांनी यातला अर्धा भाग मोडीत काढला. इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो आणि अणूंची मांडणी अगदी नियमित असेल, तर ही लहर अख्ख्या स्फटिकातून न अडता पार जाते. रोध येतो तो अणूंच्या थरथरीतून आणि स्फटिकातल्या दोषांतून. अशुद्धी वाढली की रोध वाढणार. पण इलेक्ट्रॉन रखडत का होईना पुढे सरकणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

त्या गृहीतकाला धक्का दिला तो न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेनं. तिथे जॉर्ज फेहर फॉस्फरसचे मोजके अणू मिसळलेलं सिलिकॉन द्रव हेलियमच्या थंडीत तपासत होते. फॉस्फरसच्या अणूंपाशी असलेले इलेक्ट्रॉन एका अणूवरून दुसऱ्यावर पसरत जायला हवे होते. ते आपली जागा सोडेनात. त्याच प्रयोगशाळेतल्या फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली याचं गणित मांडलं: प्रत्येक अणूपाशी ऊर्जा वेगवेगळी आणि यदृच्छ, म्हणजे कसलाही नियम नसलेली, असेल आणि ही अव्यवस्था एका मर्यादेपलीकडे गेली, तर इलेक्ट्रॉनचं विसरण, म्हणजे हळूहळू पसरत जाणं, मंदावत नाही, ते पूर्ण थांबतं. लहर एका जागेभोवती कोंडली जाते. या शोधनिबंधाकडे कितीतरी वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७७ साली नेव्हिल मॉट आणि जॉन व्हॅन व्लेक यांच्यासोबत नोबेल स्वीकारताना अँडरसन यांनीच सांगितलं, की तेव्हा यावर विश्वास ठेवणारे फार थोडे होते.

इलेक्ट्रॉन अडतो कसा, हे समजायला एक गोष्ट नीट पाहावी लागते. अशुद्ध धातूत इलेक्ट्रॉनची लहर अनेक दोषांवर विखुरत फिरते. त्यातल्या काही वाटा वळसा घेऊन निघाल्या जागी परततात. असा प्रत्येक वळसा उजवीकडून घेता येतो, तसाच डावीकडूनही. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी, मधले दोषही तेच, त्यामुळे परत येताना दोन्ही लहरी एकमेकींच्या ठेक्यात असतात आणि त्यांची बेरीज होते. म्हणून निघाल्या जागी परतण्याची शक्यता कणांच्या हिशोबापेक्षा दुप्पट होते. इलेक्ट्रॉनला रोखून धरणारी कुठली भिंत नसते. त्याच्याच लहरीचं व्यतिकरण, म्हणजे लहरींची अशी बेरीज-वजाबाकी, त्याला मागे ओढतं. मला हा या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो.

जागा जितकी अरुंद, तितके असे वळसे जास्त. एकमितीय तारेत कितीही क्षीण अव्यवस्था सगळ्या लहरी कोंडायला पुरते, हे मॉट आणि ट्वोज यांनी १९६१ साली दाखवलं होतं. तीन मितींत क्षीण अव्यवस्था असेल तर धातू धातूच राहतो. प्रश्न उरला दोन मितींचा. पातळ पत्र्याचा चौरस तुकडा घ्या: लांबी दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, त्यामुळे ओमच्या नियमानं त्याचा रोध तेवढाच राहतो. पारडं इतकं समतोल असताना व्यतिकरणाची छोटीशी दुरुस्तीही निकाल ठरवते. १९७९ साली अब्राहम्स, अँडरसन, लिचार्डेलो आणि रामकृष्णन या चौघांनी हाच युक्तिवाद मांडून सांगितलं, की आकार वाढवत नेला तर दोन मितींत खरा धातू उरतच नाही. यातले टी. व्ही. रामकृष्णन आयआयटी कानपूरमधून प्रिन्स्टनला गेले होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं.

पुरावा लवकरच आला. त्याच वर्षी डोलन आणि ओशेरॉफ यांना पातळ धातूच्या थरात तापमान उतरेल तसा रोध किंचित चढताना दिसला, भाकीत केल्याप्रमाणे लॉगरिथमच्या प्रमाणात. १९८१ साली मॉस्कोत डी. शार्विन आणि यू. शार्विन यांनी क्वार्ट्झच्या केसाहून कितीतरी बारीक तंतूवर मॅग्नेशियमचा थर चढवून एक पोकळ नळी तयार केली आणि तिच्या लांबीच्या दिशेनं चुंबकी क्षेत्र लावलं. क्षेत्र वाढवत नेलं तसा रोध ठरावीक अंतरानं वरखाली होऊ लागला. नळीभोवती उजवीकडून जाणारी लहर आणि डावीकडून जाणारी लहर यांच्यावर क्षेत्राचा परिणाम उलटसुलट होतो, म्हणून हे अंतर एकेरी फेरीच्या हिशोबापेक्षा निम्मं भरायला हवं. मोजमापात ते निम्मंच भरलं.

केऑस म्हणजे नियम ठरलेले, पण सुरुवातीचा किंचित फरकही झपाट्यानं वाढत जाणारी गती. त्याची वाट या सगळ्यापासून फार लांबून येत होती. ज्या यंत्रणेची गती नियमित नाही, तिला जुने क्वांटम नियम लावता येत नाहीत, हे आइनस्टाइननी १९१७ सालीच दाखवून दिलं होतं. तेही जवळजवळ विसरलं गेलं. पन्नाशीच्या दशकात यूजीन विग्नर यांनी जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांसाठी, म्हणजे क्वांटम नियमांत शक्य असलेल्या ठरावीक ऊर्जांसाठी, यदृच्छ आकड्यांचे मॅट्रिक्स (चौकोनी तक्ते) वापरले. त्यात शेजारच्या पातळ्या एकमेकींना दूर ढकलतात, असं दिसलं. हे गणित पक्कं करणाऱ्यांत मदन लाल मेहता यांचं नाव मोठं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काढून ते फ्रान्समध्ये साक्लेला गेले. १९८४ साली बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी मध्ये गोल खांब असलेल्या बिलियर्डच्या, म्हणजे कडांवर आपटत फिरणाऱ्या कणाच्या टेबलाच्या, पातळ्या मोजल्या. एकच कण, कसलीही यदृच्छता नाही, फक्त केऑस. आणि पातळ्यांचं वितरण विग्नर यांच्या मॅट्रिक्ससारखंच निघालं. अशुद्ध धातूतही तेच दिसतं. लहरी कोंडल्या गेल्या की मात्र लांबच्या दोन लहरींना एकमेकींची खबरच नसते, आणि त्यांच्या पातळ्या हव्या तितक्या जवळ बसू शकतात.

दोन्ही वाटा खऱ्या अर्थानं जुळल्या त्या १९८२ साली. कासाती, चिरिकोव्ह, फोर्ड आणि इझ्राइलेव्ह यांनी १९७९ साली एक साधी यंत्रणा संगणकावर तपासली होती: गरगर फिरणारी दांडी, तिला ठरावीक वेळानं ठोके. न्यूटनच्या नियमांनी पाहिलं तर ठोके जोरदार असताना तिची ऊर्जा सतत वाढत राहते. क्वांटम नियमांनी ती थोडा वेळ वाढली आणि थांबली. फिशमन, ग्रेम्पेल आणि प्रँज यांनी दाखवलं, की हे समीकरण फिरवून लिहिलं की अँडरसन यांचं एकमितीय जाळंच समोर येतं. अणूंच्या जागी दांडीच्या कोनीय संवेगाच्या, म्हणजे फिरण्याच्या जोराच्या, पायऱ्या. अव्यवस्था बाहेरून कुणी घातलेलीच नाही, ती ठोक्यांमधल्या गतीतून आपोआप उपजते. १९९५ च्या सुमारास टेक्सासमध्ये मार्क रेझन यांच्या गटानं थंड सोडियम अणूंना लेझरचे ठोके देऊन हे थांबणं प्रत्यक्ष पाहिलं.

इलेक्ट्रॉनांच्या बाजूनंही केऑस मोजला गेला. १९९२ साली चार्ल्स मार्कस आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये स्टेडियमच्या (जिथे गती केऑसची) आणि वर्तुळाच्या (जिथे गती नियमित) आकाराचे सूक्ष्म कप्पे तयार केले. ते इतके शुद्ध होते, की इलेक्ट्रॉन फक्त कडांवर आपटत. केवळ कडेचा आकार बदलला की वाहकतेचे चढउतार बदलत होते.

अँडरसन यांचा मूळ त्रिमितीय प्रश्न मात्र इलेक्ट्रॉनांमध्ये स्वच्छपणे तपासणं अवघडच राहिलं, कारण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि १९५८ च्या गणितात ते ढकलणं धरलेलं नव्हतं. १९९४ साली क्राव्हचेन्को यांच्या गटाला सिलिकॉनच्या द्विमितीय थरात धातूसारखं वर्तन दिसलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. स्वच्छ मोजमाप आलं ते केऑसच्या बाजूनं. २००८ साली फ्रान्समधल्या लील इथल्या गटानं थंड सीझियम अणूंना ठोके दिले, आणि ठोक्यांचा जोर आणखी दोन वेगळ्या वारंवारतांनी कमीजास्त करत ठेवला. त्यामुळे एका मितीची यंत्रणा तीन मितींसारखी वागू लागली, आणि कोंडलेली लहर मोकळी होते तो उंबरठा मोजता आला. त्या उंबरठ्याचा घातांक, म्हणजे उंबरठ्याजवळ कोंडलेल्या लहरीचा पसारा किती वेगानं वाढतो हे सांगणारा आकडा, आला १.४, त्रुटी ०.३. संगणकी गणिताचा आकडा सुमारे १.५८ आहे.