घेऊन दाखवा, आजी

"गोळ्या वेळेवर घेता ना?" असं विचारलं की आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या आजी "घेते हो" म्हणतात. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना मनापासून तसंच वाटतं. म्हणून हल्ली मी म्हणतो, "औषधांचा डबा काढा आणि सकाळची गोळी घेऊन दाखवा."

गेल्या महिन्यात ७७ वर्षांच्या एका आजींनी बिस्किटांचा डबा उघडला. आत कात्रीने कापलेले पाकिटांचे तुकडे. कशावर नाव नाही, कशावर तारीख नाही. त्यांनी दोन गोळ्या हातावर घेतल्या, एक गुलाबी, एक पांढरी. दोन्ही ग्लिमेपिराइड, म्हणजे मधुमेहाचीच गोळी, फक्त कंपन्या वेगळ्या. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, असा त्यांचा साधा हिशेब. ही गोळी पोटात अन्न असो-नसो स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. दुप्पट डोस आणि वर एकादशीचा उपास, मग रक्तातली साखर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी घाम येईलच असं नाही. नुसतं असंबद्ध बोलणं, तोल जाणं. घरच्यांना वाटतं, वय झालं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं, देशाचं ११.४. म्हणजे असे डबे घरोघरी आहेत.

तपासायचं काय? डोळ्यांना अक्षर दिसतं का, बोटांनी गोळी पाकिटातून निघते का, आणि डोक्यात क्रम राहतो का. स्मृतीसाठी तीन शब्द सांगून घड्याळ काढायला लावतात, अकरा वाजून दहा मिनिटांचं, आणि मग ते तीन शब्द पुन्हा विचारतात. पाच मिनिटांचं काम. पासष्टी ओलांडलेल्या मधुमेहींची अशी तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

इन्शुलिन असेल तर मी अधिक वेळ बसतो. आपल्याकडे कुपी बहुधा ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिटची मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची सिरिंज केशरी टोपणाची असते आणि १ मिलीच्या सिरिंजवर तिची प्रत्येक रेघ दोन युनिटची. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना लाल काय आणि केशरी काय! १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीच पट जातो. इन्शुलिनचं पेन असेल तर काहीजण डोस ठरवायच्या चाकाची कटकट कानाने मोजतात, पण टोचल्यावर दहा सेकंद दाबून धरत नाहीत आणि थेंब बाहेरच गळतो.

चूक सापडली म्हणून आजींना रागवायचं नसतं, औषध सोपं करायचं असतं. या आजींची एक ग्लिमेपिराइड बंद केली, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं (एचबीए१सी) लक्ष्य सात टक्क्यांवरून आठपर्यंत सैल केलं. रविवारी सून आठवड्याचा कप्प्यांचा डबा भरते. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की आजी पाव घेतात, चहा ठेवतात, आणि पहिला घास खाताना गोळी घेतात.