‘हक सेवा’ आणि ‘हक पाकाय’: इंडोनेशियातल्या गावात जमीन घेताना नेमकं काय हातात येतं?

बालीतल्या एखाद्या गावात जमिनीची चौकशी केली की दर सांगतात तो ‘आर’मागे. मराठी माणसाला हा शब्द नवा नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहिलेलं असतं, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ आपला एक गुंठा. ‘हक’ म्हणजे आपला हक्कच, एकाच अरबी शब्दाची ही दोन रूपं. गाव म्हणजे ‘देसा’, पृथ्वी म्हणजे ‘बुमी’. शब्द इतके ओळखीचे निघाले की व्यवहारही ओळखीचाच असेल असं वाटू लागतं, आणि पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न राहून जातात.

‘हक सेवा’ आणि ‘हक पाकाय’ यांची गल्लत तर हमखास होते. इंडोनेशियन भाषेत ‘सेवा’ म्हणजे भाडं आणि ‘पाकाय’ म्हणजे वापरणं. दोन्हींत जमीन तुमच्या मालकीची होत नाही, दोन्हींना मुदत असते, आणि दोन्हींत बहुधा ‘३० वर्षं’ हाच आकडा कानावर पडतो. त्यामुळे ‘एकूण एकच, नाव वेगळं’ असा समज होतो. प्रत्यक्षात यातला एक हक एका कुटुंबाने दिलेल्या शब्दावर उभा असतो, तर दुसरा सरकारी दप्तरातल्या नोंदीवर. गावात राहायला जाणाऱ्याचं पुढचं सगळं या फरकावर ठरतं.

आधी पाया बघू. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० सालचा, ५ क्रमांकाचा. त्यात सगळ्यांत भक्कम हक म्हणजे ‘हक मिलिक’: वंशपरंपरेने चालणारी, बिनमुदतीची मालकी. कलम २१ प्रमाणे ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. यात परक्याचा अपमान नाही. आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या मराठी माणसालासुद्धा महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी, ही भावना आपल्याला परकी नाही. परदेशी माणसाला इंडोनेशियाच्या या कायद्याने दोन दारं उघडी ठेवली आहेत: कलम ४१-४२ मधला वापराचा हक आणि कलम ४४-४५ मधला इमारतीसाठी भाड्याचा हक.

आता सेवा. हा जमीनमालक आणि तुम्ही यांच्यातला करार. सहसा नोटरीपुढे होतो, कागद देखणा असतो, शिक्केही असतात. पण मालकाचं प्रमाणपत्र उघडून बघा. जमीन खात्याच्या त्या पुस्तिकेवर ‘सर्टिपिकाट’ असं छापलेलं असतं. वर्तमानपत्रं ‘सर्टिफिकाट’ लिहितात, सरकारी कागदावर मात्र ‘प’ टिकून आहे. आत मालकाचं नाव, मोजणीचा नकाशा, आणि पुढे एक तक्ता: हस्तांतर, बोजा, इतर नोंदी. तुम्ही २५ वर्षांचं भाडं आगाऊ मोजलेलं असलं, तरी नेहमीच्या भाडेव्यवहारात त्या तक्त्यात तुमचं नाव कुठेच येत नाही. जमीन खात्याच्या लेखी ती जमीन काल होती तशीच आज आहे.

याचा अर्थ भाडेकरू वाऱ्यावर असतो असा नाही. डच काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेचं कलम १५७६ सांगतं की जमीन विकली म्हणून आधीचं भाडं तुटत नाही. कलम १५७५ सांगतं की दोघांपैकी कुणी वारलं तरी करार चालू राहतो. पण हे संरक्षण मिळवायचं तर कोर्टात उभं राहावं लागतं, आणि तेही त्या गावात राहत असताना, त्याच घराण्याविरुद्ध, ज्यांच्या अंगणातून तुमची वाट जाते. म्हणून भाड्याच्या व्यवहारात कागदाआधी कुटुंब वाचावं लागतं.

बालीत जमीन पुष्कळदा वडिलोपार्जित असते, भावाभावांत न वाटलेली. प्रमाणपत्रावर एकाचं नाव, किंवा वारलेल्या आजोबांचंच. आपल्याकडे सातबाऱ्यावरचा सहहिस्सेदार वीस वर्षांनी उगवतो आणि ‘मी सही केलीच नव्हती’ म्हणतो, तसंच तिथेही होतं. मालकाची, त्याच्या बायकोची आणि सगळ्या सज्ञान वारसांची सही घ्या. कुणी संकोचाने म्हणेल, ‘इतकं कशाला, आपण घरचेच ना?’ तरीही घ्या. ज्यांच्याशी संबंध टिकवायचे आहेत, त्यांच्याशी तर कागद स्वच्छच हवा.

दुसरी खोच मुदतवाढीची. ‘२५ वर्षं, पुढे आणखी २५ वर्षांचा पर्याय, त्या वेळच्या बाजारभावाने’ असं वाक्य करारात असतं आणि घेणारा मनात ५० वर्षं धरतो. भाव ठरवायची रीत लिहिलेली नसेल, तर हातात २५ वर्षंच आहेत असं समजून हिशेब करा. तिसरी खोच घराची. इंडोनेशियन कायद्याने पारंपरिक रूढीतून एक तत्त्व उचललं आहे: जमीन एकाची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची असू शकते. म्हणून बांधलेलं घर तुमचं असू शकतं. पण मुदत संपल्यावर त्याचं काय, मालकाला फुकट, मूल्य देऊन, की पाडून जागा मोकळी, हे करारातच लिहावं लागतं. आणि करार इंडोनेशियन भाषेत हवाच. २००९ च्या २४ क्रमांकाच्या कायद्याने इंडोनेशियन पक्षकार असलेल्या करारांना ते बंधन घातलं आहे. सोबत इंग्रजी प्रत जरूर ठेवा, पण नुसत्या इंग्रजी प्रतीवर विसंबू नका.

पाकायचं रूप अगदी वेगळं. इथे दस्त जमीन-दस्त करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यापुढे होतो. त्याला ‘पेपेआते’ म्हणतात. बऱ्याचदा तोच माणूस नोटरीही असतो. त्यानंतर जमीन खात्यात नोंद होते आणि तुमच्या स्वतःच्या नावाचं सर्टिपिकाट निघतं. २०२१ च्या १८ क्रमांकाच्या सरकारी नियमावलीप्रमाणे खासगी मालकीच्या जमिनीवरचा असा हक जास्तीत जास्त ३० वर्षांचा आणि नव्या दस्ताने पुन्हा देता येणारा. सरकारी जमिनीवरचा ३० वर्षं, वाढीव २०, मग नूतनीकरणाची ३०. हा हक विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसांकडे जातो.

मग सगळेच पाकाय का घेत नाहीत? कारण सरकार हक देतं तेव्हा तुमच्याकडेही बघतं. तुमच्याजवळ तिथे राहण्याचे वैध कागद असले पाहिजेत. वारसाला हक ठेवायचा असेल, तर त्याच्याजवळही. पात्रता संपली तर वर्षभरात हक सोडावा किंवा पात्र माणसाला द्यावा लागतो. परदेशी माणसाच्या घरासाठी एका कुटुंबाला एकच भूखंड, साधारण मर्यादा २,००० चौरस मीटर, म्हणजे २० आर. शिवाय घराची किमान किंमत प्रांतवार ठरलेली आहे आणि ती महागड्या घरांच्या पट्टीत बसते. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या साध्या घराला हा मार्ग म्हणूनच बहुधा जुळत नाही.

खरं तर मूळ कायद्यातलं ४५ वं कलम भाड्यासाठीही ‘इंडोनेशियात राहणारा परदेशी’ असंच म्हणतं. फक्त पाकायच्या वेळी ते तपासायला समोर सरकारी खिडकी असते आणि सेवेच्या वेळी बहुधा कुणीच नसतं. ‘भाड्याला काही लागत नाही’ हा समज या न तपासण्यातून आला आहे.

कुणी तिसरा मार्ग सुचवील: एखाद्या गावकऱ्याच्या नावावर मालकी घ्या, आत एक खासगी करार करून ठेवा. आपल्या भाषेत याला बेनामी म्हणतात आणि तो शब्द इथे तंतोतंत लागू पडतो. मूळ जमीन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे आडवळणाने परदेश्याकडे मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द असतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. या वाटेला जाऊ नका, कितीही जवळचा मित्र असला तरी.

गुंतवणूक म्हणून अतिथीगृह चालवायचं असेल तर हे दोन्ही हक बाजूला ठेवा. त्यासाठी परदेशी भांडवलाची कंपनी काढावी लागते आणि तिला जमिनीवर बांधकामाचा वेगळा हक मिळतो. अशा कंपनीची गुंतवणूक, जमीन आणि इमारत वगळून, १० अब्ज रुपियाच्या वर असावी लागते, म्हणजे भारतीय चलनात पाच कोटींच्या पुढे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, तोही हिशेब आधी मांडा.

हक कोणताही असो, जमीन कसली आहे ते आधी बघा. कलम ४४ चा भाडेहक इमारतीसाठी आहे. शेतजमिनीचं भाडं कायद्याने कलम ५३ मध्ये वेगळं, तात्पुरत्या हकांत टाकलं आहे. दलाल हिरव्यागार भाताच्या खाचरात उभं करून ‘इथे घर बांधा’ म्हणतो तेव्हा तो तुकडा आराखड्यात शेतीचा आहे की वस्तीचा, हे विचारावंच लागतं. २००९ च्या ४१ क्रमांकाच्या कायद्याने अन्नधान्याच्या जमिनीला खास संरक्षण आहे. जावात ‘बेंगकोक’ जमीन दाखवतील. ती गावाची असते, पूर्वीच्या वतनासारखी, गावच्या कारभाऱ्यांना मेहनतान्यापोटी कसायला दिलेली. ती त्यांना विकता येत नाही. बालीत घराखालची जागासुद्धा पुष्कळदा ‘देसा आदात’ची, म्हणजे रूढीने चालणाऱ्या गावाची असते.

जमिनीबरोबर पाणीही येतं. खाचराच्या तोंडाशी पाटात एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला असतो, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याचा जेवढा वाटा तेवढ्या रुंदीची खाच. हे वाटप ‘सुबाक’ नावाची शेतकऱ्यांची मंडळी करतात. बालीतल्या जातीलुविह गावाचा परिसर धरून या सुबाक व्यवस्थेला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तुम्ही कुंपण घालताना पाट अर्धा हात सरकवलात, तर खालच्या बारा जणांचं पाणी हलतं. तुमच्या कराराच्या कागदावर त्या ओंडक्याची खूण नसते. म्हणून मोजणीच्या दिवशी सुबाकच्या प्रमुखाला सोबत घेऊन पाटापाटाने चालत जा.

बालीच्या २०१९ च्या ४ क्रमांकाच्या प्रांतिक नियमात बाहेरून आलेल्याला एक शब्द आहे: ‘तामिउ’, पाहुणा. सेवा असो की पाकाय, गावाच्या दप्तरात तुमची नोंद तामिउ म्हणूनच होते. हिंदू असल्याने त्यात फरक पडत नाही, कारण गावचे सदस्य ठरतात ते बालीनीज हिंदू. गावाची ‘आविग-आविग’ म्हणजे लिखित वहिवाट तुम्हालाही लागू असते. शक संवत्सराच्या आरंभी येणारी ‘न्येपी’ ही त्यातली सगळ्यांत ठळक: दिवसभर आणि रात्रभर दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही, विमानतळही बंद. आपलं आणि त्यांचं शक एकच असल्याने हा दिवस गुढीपाडव्याच्या आसपास पडतो. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. त्या दिवशी पाडवा करायचा तर स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकावा लागतो आणि गुढी शांतपणे, घराच्या आतच उभी करावी लागते.