मारुती ८०० : थंडीतील प्रारंभ

हिवाळ्यात पहाटे सेल मारूनही गाडीचे इंजिन न पकडणे, त्याची कारणे आणि दोष शोधण्याची रीत. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनलेल्या या छोट्या गाडीला ७९६ घ.सेंमी.चे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. आधीच्या गाड्या कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या यांत्रिक भागाच्या. २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे संगणकाने पेट्रोल मोजून देणारी रचना आली. दोहोंची दुखणी वेगळी आहेत.

निफाडला पारा एक आकडी उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधी दव गोठते. पण एवढ्या थंडीने धडधाकट ८०० अडत नाही. लेह-द्रासचा उणे तापमानाचा हिवाळा वेगळा. त्यामुळे महाराष्ट्रात गाडी अडली, तर मे महिन्यात निभावून गेलेला एखादा कमकुवत भाग थंडीने उघडा पाडला, असे समजून तो शोधावा. ‘थंडीमुळे होते’ म्हणून सोडून देऊ नये.

जळते ती पेट्रोलची वाफ, द्रव नव्हे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलमधले हलके घटकच वाफ होतात आणि उरलेले नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. तेवढीच वाफ मिळवायची तर जास्त पेट्रोल सोडावे लागते. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. स्टार्टर बॅटरी ओढत असताना व्होल्टेज घसरले की ठिणगीही अशक्त होते.

तपास कानापासून सुरू करावा. इंजिन रेंगाळत फिरत असेल किंवा नुसता ‘टक टक’ आवाज येत असेल, तर आधी बॅटरीकडे पाहावे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल मारताना आकडा ९.५ च्या खाली जाऊ नये. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलांवरचे पांढरे-हिरवे क्षार गरम पाण्याने धुवावेत आणि अर्थिंगची पट्टी घट्ट करावी. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. ८०० ची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. रोज जवळच्या जवळच फिरणाऱ्या गाडीत सेलने खाल्लेले चार्जिंग भरून निघत नाही.

इंजिन जोमाने फिरते पण पकडत नाही, तेव्हा कार्बोरेटरच्या गाडीत पहिला संशयित चोक, म्हणजे नॉब ओढल्यावर हवेची वाट अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप. नॉब पूर्ण ओढून, अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता पाचेक सेकंद सेल मारावा, मग थोडे थांबावे. एअर क्लीनर उघडून, नॉब ओढल्यावर झडप खरोखर मिटते का, हे डोळ्यांनी पाहावे. केबल सैल झाली की नॉब ओढला जातो आणि झडप अर्धीच मिटते. हा दोष हमखास नजरेतून सुटतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, कोरडा पडतो. पेट्रोल पंप इंजिनच्या फिरण्यावर चालत असल्याने चेंबर भरायला जरा वेळ लागतो.

पेट्रोलचा वास दरवळला म्हणजे ठिणगी पाडणारे प्लग ओले झाले. आता चोक आत ढकलावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि सेल मारावा. तरी न पकडल्यास प्लग काढून पुसावेत, वाळवावेत, फट ०.७ ते ०.८ मि.मी. असावी. प्लग कोरडेच निघाले तर पेट्रोल पोहोचत नाही. धुक्याच्या सकाळी प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरते, ती कोरड्या फडक्याने पुसावी. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत का, हेही पाहावे.

एमपीएफआय गाडीत चोक नसतो. कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर इंजिन थंड असल्याचे कळवतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. सेन्सर बिघडून ‘इंजिन गरम आहे’ असे कळवू लागला, तर थंड इंजिनाला पेट्रोल अपुरे पडते. चावी फिरवताच मागून पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण ऐकू यावी. अॅक्सिलरेटर किंचित दाबल्यावरच गाडी सुरू होत असेल, तर आयडलिंगची हवा सोडणारा व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा.

कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल मारण्याची सवय घातक आहे. इंजिनने उलटा भडका मारला की आग लागते. बॅटरी उतरलेली असेल तर चावी चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारता येतो. मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, सायलेन्सरच्या नळीतला भाग) असलेल्या गाडीला वारंवार धक्के मारू नयेत. न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन जळते आणि तो निकामी होतो.

गाडी सुरू झाल्यावर चोक हळूहळू आत घ्यावा. तो ओढलेलाच राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते, खालच्या ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात.